आजीचं माहेरचं आडनाव टेस्की, आणि चाचणीत जर्मनी फक्त दोन टक्के

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आयर्लंडमधल्या लिमरिकला दिलेली, जावई तिथलाच. त्याच्या आईच्या आईचं, म्हणजे तुमच्या विहीणबाईंच्या आईचं, माहेरचं आडनाव टेस्की. घरात सांगत आलेत की आपण मूळचे जर्मन, तीनशे वर्षांपूर्वी बोटीने आलेले. जावयाने हौसेने डीएनए चाचणी केली तर निकाल आला: आयर्लंड ८९ टक्के, इंग्लंड आणि आसपासचा भाग ९ टक्के, 'जर्मॅनिक युरोप' २ टक्के. आता नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायचाय आणि तुम्ही विचारताय, की घरातली गोष्ट खरी की थाप, आणि या दोन टक्क्यांचा धागा धरून पुढे काही हाती लागेल का.

गोष्ट बहुधा खरी आहे. पण ती दोन टक्क्यांमुळे खरी ठरत नाही, आडनावामुळे ठरते. उद्या कंपनीने आपलं गणित सुधारलं आणि तो आकडा शून्य झाला (असं होतं, दरवर्षी होतं), तरी माझं मत बदलणार नाही. आणि आकडा सहा झाला तरी मी खूश होणार नाही. बारा-तेरा वर्षं लोकांचे असे निकाल उलगडून देते आहे. टक्क्यांच्या त्या रंगीत नकाशावर लोकांनी जेवढा वेळ घालवलाय तेवढा आपल्या म्हाताऱ्या आत्याशी बोलण्यात घालवला असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

लिमरिक परगण्यात टेस्की, स्विट्झर, स्पार्लिंग, शायर, बोव्हेनायझर, रटल, डेलमेज, एम्बरी, हेक ही आडनावं दिसली की जाणकार माणूस एकच शब्द उच्चारतो: पॅलाटिन. ऱ्हाइन नदीच्या मधल्या खोऱ्यातल्या पॅलाटिनेट नावाच्या मुलखावरून पडलेलं हे नाव. १७०९ च्या मे महिन्यापासून हिवाळ्यापर्यंत त्या बाजूची सुमारे तेरा हजार माणसं ऱ्हाइनमार्गे रॉटरडॅमला आणि तिथून लंडनला येऊन धडकली. फ्रेंच फौजांनी तो मुलूख पुन्हापुन्हा जाळला-लुटला होता, आणि १७०८-०९ चा हिवाळा असा पडला की द्राक्षांचे वेल मुळापासून मेले. त्यात इंग्लंडची राणी अॅन अमेरिकेत जमीन देते अशी पत्रकं गावोगाव फिरत होती. जमीन वगैरे काही तयार नव्हती. लंडनबाहेर ब्लॅकहीथच्या माळावर तंबू ठोकून या लोकांना ठेवलं, आणि मग त्यांचं करायचं काय हा सरकारपुढे प्रश्न पडला. जे कॅथलिक होते त्यातल्या बऱ्याच जणांना परत धाडलं. काहींना न्यूयॉर्ककडे हडसनच्या काठी डांबर काढायला पाठवलं. आणि ८२१ कुटुंबं, म्हणजे ३,०७३ माणसं, आयर्लंडला डब्लिन बंदरात उतरवली. तिथे प्रोटेस्टंट कुळं हवी होती.

बहुतेकांना ते मानवलं नाही. पहिल्या दोन-अडीच वर्षांत निम्म्याहून जास्त लोक परत इंग्लंडला गेले. १७११ अखेर आयर्लंडमध्ये जेमतेम बाराशे उरले. टिकले ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे वेक्सफर्ड परगण्यात गोरी आणि ओल्ड रॉसच्या बाजूला, आणि दुसरं लिमरिकमध्ये राथकीलजवळ सर थॉमस साउथवेल या जमीनदाराच्या मुलखात: कोर्टमॅट्रिक्स, किलहीन, बॅलिंग्रेन. साउथवेलने त्यांना आसपासच्या शेतकऱ्यांपेक्षा बऱ्या अटींवर जमीन दिली, म्हणून ते तिथे राहिले. पुढे तिथूनच केरी आणि टिपररीत त्यांच्या शाखा फुटल्या.

हा इतिहास सांगण्यामागे माझा स्वार्थ आहे. त्यातल्या दोन गोष्टी डीएनएचा निकाल वाचताना पावलोपावली आडव्या येतात.

पहिली, ही माणसं 'जर्मन' म्हणजे नेमकी कोण होती? १६१८ ते १६४८ च्या युद्धात पॅलाटिनेट जवळपास ओस पडलं होतं. नंतर तिथे स्वित्झर्लंडमधून, फ्रान्समधून, आजच्या बेल्जियमकडून माणसं येऊन वसली. स्विट्झर आडनावाचा अर्थच 'स्वित्झर्लंडवाला'. म्हणजे १७०९ मध्ये बोटीत चढलेल्या घराण्याला जर्मनीत येऊनच कदाचित दोन पिढ्या झाल्या असतील. शिवाय लंडनच्या याद्यांत पॅलाटिन म्हणून नोंदलेले सगळे काही पॅलाटिनेटचे नव्हते. हेसे, नासाऊ, व्युर्टेम्बर्ग, अल्सेस इथलेही त्यात होते. चाचणी कंपनीच्या 'जर्मॅनिक युरोप' या डब्यात यातलं काय पडेल आणि फ्रान्सच्या किंवा स्वित्झर्लंडच्या डब्यात काय जाईल, हे त्या कंपनीने तुलनेला कुणाचे नमुने घेतलेत त्यावर अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे लोक जवळपास शंभर वर्षं आपापसातच लग्नं करत राहिले. कॅथलिक शेजाऱ्यांशी धर्म जुळत नव्हता आणि इंग्लिश जमीनदारांशी ऐपत जुळत नव्हती. अठराव्या शतकात तिथे गेलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की ते आपला बर्गमास्टर, म्हणजे गावचा कारभारी, निवडतात, तंटे त्याच्यापुढे नेतात, आणि झोपताना वर एक गादी, खाली एक गादी अशी झोपतात. १७५६ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली बॅलिंग्रेनला आला आणि यातले पुष्कळ जण मेथडिस्ट झाले, त्यामुळे सोयरिकीचं वर्तुळ आणखी आवळलं गेलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या लहान गावात चार घराण्यांतच पाच पिढ्या मामे-आत्ये लग्नं झाली तर जो गुंता होतो, तोच हा. गावात कुणालाही दगड मारा, तो पाहुण्यालाच लागतो.

आता तुमच्या जावयाचे दोन टक्के. बोटांवर पिढ्या मोजू. जावई, त्याची आई, आजी, आजीचे वडील... असं मागे जात १७०९ मध्ये बोटीतून उतरलेल्या कर्त्या टेस्की पुरुषापर्यंत पोचायला साधारण दहा पिढ्या लागतात. दहाव्या पिढीत प्रत्येकाला १,०२४ पूर्वज. कागदावर प्रत्येकाचा वाटा हजारात एक. पण डीएनए असा पै-पैचा हिशेब ठेवत नाही. आईवडिलांकडून तो मोठमोठ्या तुकड्यांत येतो, दर पिढीला ते तुकडे नव्याने कापले आणि वाटले जातात, आणि या वाटपात काही पूर्वजांच्या वाट्याला भोपळा येतो. दहा पिढ्यांपूर्वीच्या एका ठरावीक पूर्वजाचा एक तरी तुकडा तुमच्या जावयात असण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी कमीच आहे. म्हणजे टेस्की त्याचा शंभर टक्के खरा पूर्वज असूनही त्याच्या अंगात टेस्कीचं एक अक्षर नसेल, असंही होऊ शकतं. हेच गणित विहीणबाईंसाठी केलं तर शक्यता पासष्ट टक्क्यांच्या आसपास जाते आणि आजींसाठी पंच्याऐंशीच्या.

पण थांबा, आपापसातली लग्नं विसरू नका. आजीचे वडील टेस्की, त्यांचे आजोबा १८३० च्या दशकात जन्मलेले. त्या आजोबांचे आईबाप दोघंही पॅलाटिन घरांतले होते असं धरलं, तर जावयाच्या बत्तीस खापर-पूर्वजांपैकी एक पूर्ण पॅलाटिन झाला. बत्तिसात एक म्हणजे तीन टक्के. तेव्हा दोन टक्के हा आकडा अगदी बरोबर बसतो! दुर्दैवाने तो ज्याच्या घरात कधी कुणी जर्मन नव्हतं अशा आयरिश माणसालाही बसतो. आयर्लंडमध्ये इंग्लिश वसाहतवाल्यांचं रक्त भरपूर मिसळलंय, इंग्लिश लोकांत अँग्लो-सॅक्सनांचं, आणि अँग्लो-सॅक्सन आले उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून. वायव्य युरोपातली ही माणसं आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एक-दोन-तीन टक्क्यांच्या पातळीवर यंत्राला इंग्लिश कुठे संपतो आणि जर्मन कुठे सुरू होतो हे धड सांगता येत नाही. त्या नऊ टक्के 'इंग्लंड'मध्येही टेस्कीचा तुकडा लपलेला असू शकतो.

२०१७ मध्ये आयरिश डीएनए अॅटलस हा आयर्लंडभरच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४ माणसं घेतली होती, ज्यांचे आठही पणजोबा-पणज्या एकाच टापूतले, एकमेकांपासून पन्नास किलोमीटरच्या आत जन्मलेले. इतके निवडून घेतलेले नमुने, इतकं बारीक सांख्यिकी काम, आणि त्यातून दहा गट निघाले: सात गेलिक आयरिश आणि तीन आयरिश-ब्रिटिश मिश्र. पॅलाटिन असा गट त्यात नाही. शेकड्यांत मोजायची कुटुंबं, तीनशे वर्षं जुनी. देशाच्या नकाशावर त्यांचा ठसा उमटणारच कसा?

उलट बाजूची एक गोष्ट सांगते. एका आयरिश बाईंचा निकाल माझ्याकडे आला, जर्मनी २३ टक्के. बाई आनंदात, कारण आईकडून एक दूरचं स्पार्लिंग नातं होतं आणि त्यांनी सगळं श्रेय त्यालाच दिलं होतं. मी म्हटलं, बाई, १७०९ मधून तेवीस टक्के येत नाहीत. तेवीस टक्के म्हणजे आजी-आजोबांपैकी कुणीतरी एक. शोधलं तर वडिलांची आई निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, 'ऑपरेशन शॅमरॉक' नावाखाली जर्मनीतली चारशेहून अधिक मुलं आयरिश कुटुंबांत आणली होती. बहुतेक परत गेली, काही कायमची राहिली. त्या राहिलेल्यांतली ही एक मुलगी. घरात हे कुणी बोललंच नव्हतं. जर्मन रक्त आयर्लंडमध्ये अशा बऱ्याच वाटांनी आलंय. नेपोलियनच्या काळात किंग्ज जर्मन लीजन या ब्रिटिश सैन्यातल्या जर्मन पलटणी तिथे छावणीला होत्या, त्यांतल्या शिपायांचीही लग्नं झाली. म्हणून माझा ठोकताळा असा, की आकडा जितका मोठा तितका पॅलाटिनांचा संबंध कमी.

मग चाचणीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण नकाशाचा नाही. त्याच निकालात दुसरी एक यादी असते, जुळणाऱ्या माणसांची. लोक ती उघडतच नाहीत, कारण त्यात अनोळखी नावं आणि सेंटिमॉर्गन नावाचा किचकट आकडा असतो. सेंटिमॉर्गन म्हणजे दोघांत सामाईक असलेल्या डीएनएचं माप, एवढंच धरून चाला. दुसऱ्या पातळीच्या चुलत-मावस भावंडांपर्यंत (म्हणजे ज्यांचे पणजोबा एक) जुळणी हमखास दिसते. तिसऱ्या पातळीवर सरासरी सत्तरच्या आसपास सेंटिमॉर्गन, पण दहात एका जोडीत काहीच जुळत नाही. चौथ्या पातळीवर निम्म्या जोड्या कोऱ्या. त्यापुढे नशीब. आणि सात सेंटिमॉर्गनच्या खालचा एकटादुकटा तुकडा मी बघतही नाही. त्यातले पुष्कळ निव्वळ योगायोगाचे असतात.

पॅलाटिनांच्या बाबतीत इथे एक भाग्य आहे. त्यांनी आयर्लंड सोडायला फार लवकर सुरुवात केली. फिलिप एम्बरी आणि बार्बरा हेक ही बॅलिंग्रेनची मंडळी १७६० मध्ये न्यूयॉर्कला गेली. १७६६ मध्ये बार्बराच्या आग्रहावरून एम्बरीने तिथे प्रवचन केलं आणि अमेरिकेतल्या मेथडिस्ट पंथाच्या सुरुवातीला दोघांचं नाव जोडलं गेलं. पुढे अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने राहिलेली यातली घराणी कॅनडात गेली, आणि एकोणिसाव्या शतकात लिमरिकमधूनही आणखी पुष्कळ कुटुंबं ऑन्टारिओला पोचली. या लोकांचे वंशज चाचण्या करतात, वंशवृक्ष लावतात, पत्रांना उत्तरं देतात. आयर्लंडमधल्या टेस्कीला जुळणी सापडते ती शेजारच्या गावात नाही, टोरांटोच्या आसपास.

जर्मनीत मात्र अशी जुळणी शोधायला जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. तिथे हौशी चाचण्या करणारे तुलनेने कमी, आणि अल्सेस आज ज्या फ्रान्समध्ये आहे तिथे वंशावळीसाठी अशी चाचणी करून घेणं कायद्याने दंडनीय आहे. शिवाय जर्मनीत मागे राहिलेल्या भावाच्या वंशजाशी तुमच्या जावयाचं नातं नवव्या-दहाव्या पातळीचं. तितक्या अंतरावरची जुळणी आली तरी ती टेस्कीमुळेच आली हे कुणाचा बाप सिद्ध करू शकत नाही.

एक जुळणी मी कशी वाचते ते दाखवते. काही वर्षांपूर्वी केरीमधल्या एका शेतकरी आजोबांचं काम होतं. आजी शायर घराण्यातली. यादीत ऑन्टारिओच्या एक बाई: ५८ सेंटिमॉर्गन, चार तुकडे, सगळ्यांत मोठा २१ चा. कंपनीचा अंदाज, 'तिसरे ते चौथे चुलत'. तिसरे चुलत असते तर खापरपणजोबा एकच, म्हणजे १८४० च्या सुमाराचं जोडपं. पण बाईंचा वृक्ष पाहिला तर त्यांचे पूर्वज १८२० च्या दशकातच कॅनडात पोचलेले. जमत नव्हतं.

मग 'दोघांशी जुळणारे' ही यादी उघडली. त्यात सतरा जण. त्यांचे वृक्ष एकेक करून कागदावर उतरवले; मी अजूनही हे काम वहीत करते, रंगीत पेन्सिलींनी. हिरव्या रंगात ज्यांच्याकडे शायर आहे ते, निळ्यात टेस्की, लालमध्ये स्विट्झर. दुपारपर्यंत सतरापैकी अकरा नावांसमोर दोन-दोन रंग झाले होते आणि तिघांसमोर तिन्ही. म्हणजे नातं एका दोरीचं नव्हतंच. कॅनडाच्या बाई आणि केरीचे आजोबा एका बाजूने पाचवे चुलत होते, दुसऱ्या बाजूने पुन्हा पाचवे, आणि तिसऱ्या कुठल्या तरी बाजूने, जिचा कागद आजवर मिळालेला नाही, बहुधा सहावे. तीन बारीक दोऱ्यांचा पीळ यंत्राला एक जाड दोर वाटला. चार तुकड्यांतला २१ चा मोठा तुकडा ज्या पाच जणांत एकाच जागी होता त्या पाचही जणांच्या वृक्षात एकच शायर जोडपं होतं. तेवढं मी ठामपणे लिहून दिलं. बाकीच्या तीन तुकड्यांबद्दल 'पॅलाटिन, घराणं अनिश्चित' असं लिहिलं. आजोबांना ते आवडलं नाही. त्यांना जर्मनीतलं गाव हवं होतं.

म्हणून तुमच्या जावयाला सांगा, कंपनीने 'चौथा चुलत' म्हटलं की मनात एक पिढी मागे ढकलायची, आणि पॅलाटिन आडनावं दोन दिसली की दोन पिढ्या.

आता आडनावाची सरळ पुरुषरेषा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं, आडनावासारखंच, आणि दर पिढीला अर्धं होत नाही. त्यामुळे १७०९ पर्यंत पोचायला हे सर्वांत चांगलं साधन. पण तुमच्या जावयाकडे टेस्कीचं वाय नाही. असणारच नाही, टेस्की त्याची आजी होती. ते आहे आजीच्या भावाकडे, आणि भाऊ हयात नसेल तर भावाच्या मुलाकडे, म्हणजे विहीणबाईंच्या मामेभावाकडे. असा मामेभाऊ असेल आणि त्याची तयारी असेल तर त्याची वेगळी वाय चाचणी करायची.

त्यातून जे येईल ते कसं वाचायचं? वाय गुणसूत्रांची कुळं आणि शाखा असतात, त्यांना अशी अक्षर-आकड्यांची नावं देतात. आयर्लंडमधल्या पुरुषांत आर१बी कुळाची एल२१ ही शाखा भरमसाट आहे; त्यातली एम२२२ ही उपशाखा वायव्य आयर्लंडची खास ओळख. ऱ्हाइनकडे यू१०६ आणि यू१५२ या शाखा जास्त दिसतात. मामेभावाचं यू१५२ निघालं तर छान, गोष्टीशी सुसंगत. यू१०६ निघालं तरी सुसंगत, फक्त तो इंग्लंडमार्गेही आलेला असू शकतो. पण एम२२२ निघालं तर कुठेतरी रेषा तुटलीय: दत्तक, सावत्र बाप, आईचं आडनाव लावलेलं मूल, काहीही. वाय चाचणी 'जर्मन आहे' असं क्वचितच सांगते. 'हे नव्हे' असं मात्र स्वच्छ सांगते.

हा धडा मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत लिमरिकच्याच एका यंग आडनावाच्या घराण्याला मी मोठ्या आत्मविश्वासाने पॅलाटिन ठरवलं होतं. पॅलाटिनांत युंग होतेच, त्यांचे यंग झाले; जसे बेकरचे इंग्लिश बेकर झाले आणि म्युलरचे मिलर. गाव राथकीलपासून जवळ, धर्म प्रोटेस्टंट, सगळं जुळत होतं. घरच्यांनी भिंतीवर लावायला वंशवृक्षही छापून घेतला. दोन वर्षांनी घरातल्या नातवाने वाय चाचणी केली, आणि त्याच्या जवळच्या जुळण्या निघाल्या स्कॉटलंडच्या यंगांशी. छापलेला वृक्ष त्यांनी उतरवला का ते विचारायचं धाडस मला झालं नाही. तेव्हापासून ज्या आडनावाला इंग्लिशमध्ये सरळ अर्थ आहे, त्यावर मी कागद मिळाल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. टेस्कीला तसा अर्थ नाही, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत मी सुरुवातीलाच इतकी धीट झाले.

आईकडून येणारा माइटोकॉन्ड्रियल डीएनए इथे सोडून द्या. तो आजीच्या आईच्या आईची रेषा सांगतो, टेस्कीची नाही, आणि इतका सावकाश बदलतो की तीनशे वर्षांसाठी निरुपयोगी.

राहिले कागद. आयर्लंडमधला शोध एका भिंतीपाशी अडतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये यादवी युद्धाच्या लढाईत सरकारी दफ्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे बहुतेक कागद आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या त्यात गेल्या. त्यानंतरच्या, १९०१ च्या आधीच्या शिरगणत्या सरकारने आधीच स्वतः नष्ट केल्या होत्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात. इथे प्रोटेस्टंट घराण्याच्या नोंदी जास्त असायला हव्यात आणि नेमक्या त्याच जास्त जळल्या. तरी सगळं गेलं नाही. १९०१ आणि १९११ ची शिरगणती पूर्ण आहे आणि फुकट पाहता येते. प्रोटेस्टंट लग्नांची सरकारी नोंद १८४५ पासून आहे, बाकी सर्वांची १८६४ पासून. १८४७ ते १८६४ च्या दरम्यान झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-आकारणीत गावागावातली कुळं नावानिशी मिळतात. राथकीलला जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आयरिश पॅलाटिन असोसिएशनचं संग्रहालय आहे; ही संस्था १९८९ पासून घराण्यांच्या नोंदी जमवते आहे. आणि लंडनला १७०९ च्या मे-जूनमध्ये उतरलेल्यांच्या याद्या शिल्लक आहेत, त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, धंदा, मुलं असं लिहिलेलं असतं. फक्त नावं इंग्लिश कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, तेव्हा स्पेलिंगवर अडून बसू नका.

जर्मनीतलं मूळ गाव हवं असेल तर ते शेवटी तिथल्या चर्चच्या नोंदवहीतच सापडेल. प्रोटेस्टंट वह्यांचं आर्किऑन नावाचं संकेतस्थळ आहे, पैसे भरून पाहता येतं. डीएनए त्या गावापर्यंत नेत नाही. तो फार तर सांगतो की राथकीलच्या तीन टेस्की घरांपैकी तुमचं घर कोणतं. पण कागद जिथे १८०० च्या आसपास तुटतो, तिथे हेच सांगणारं दुसरं काही नसतं.

एक सावधगिरीची गोष्ट. जुळणीच्या यादीत वृक्ष नसलेली, फक्त आद्याक्षरं लावलेली माणसं दिसतील. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांची मुलं संस्थांतून दत्तक दिली गेली, देशात आणि अमेरिकेतही. त्यांना आपल्या जन्माची कागदपत्रं मिळण्याचा पूर्ण कायदेशीर हक्क २०२२ मध्ये आला. त्यातले पुष्कळ जण डीएनएवरच आईला शोधतात. जावयाला असं कुणाचं पत्र आलं तर शाळेच्या प्रकल्पाच्या उत्साहात त्याने परस्पर नावं कळवू नयेत. आधी घरात विचारावं. आणि घरात चाचणी करण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवावं की नको ते कळू शकतं.

आता तुम्ही काय करायचं. आजी हयात आहेत असं तुम्ही लिहिलंय, वय ९३. मग जावयाचे दोन टक्के बाजूला ठेवा आणि आधी त्यांची चाचणी करा. त्यांच्यात टेस्कीचं जे आहे त्यातलं सरासरी पाऊण हिस्सा जावयापर्यंत पोचलेलंच नाही, आणि ते पुन्हा मिळवायची दुसरी सोय नाही. या वयात तोंड कोरडं असतं, नळी भरेपर्यंत थुंकणं जमत नाही. तेव्हा गालाच्या आतून काडी फिरवायची चाचणी देणारी कंपनी निवडा. थुंकीचीच असेल तर अर्धा तास आधी खाणं-पिणं, चहा काही नको, आणि गाल बाहेरून हळूहळू चोळले की लाळ सुटते. या सगळ्याला वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात नातवाला शेजारी बसवा, हातात फोन रेकॉर्डिंगला लावून, आणि त्याला एवढंच विचारू द्या: पणजी, तुझ्या वडिलांचं शेत कुठल्या टाउनलँडमध्ये (म्हणजे तिकडच्या वाडीत) होतं, रविवारी कुठल्या चॅपेलला जायचात, आणि लग्नाला कोणकोण आडनावांची माणसं आली होती?